एकाहून अधिक शब्दांनीं ग्रंथशोध

मागील वर्षीं शाळेच्या ग्रंथालयाची यादी संगणकावर चढविण्याचें काम वरच्या वर्गांतील मुलांनीं अंगावर घेतलें. शोधाचा कार्यक्रम जावा भाषेंत तयार झाला व पालकदिनीं तो सर्वांस पाहण्यासाठीं मांडून ठेविला. एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींनीं 'टिळक स्मृति' हे दोन शब्द घातले. यंत्रानें उत्तर दिलें, "पुस्तक नाहीं." लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' त्यांच्या पाठीमागच्याच कपाटांत होतीं! त्या बाई कांहीं न बोलतां परतल्या. आम्ही मात्र ओशाळलों. पुस्तक नसतां यादीनें 'आहे' म्हटलें तर चूक कपाटापाशीं उघडकीस येते; असतां 'नाहीं' म्हटलें तर वाचक तसाच निघून जातो व चूक झांकलेलीच राहते. ती कशी घडली व कशी सुधारली, हें येथें सांगतों.

यादी एकाच लांबलचक कोष्टकांत लिहिलेली नसते. पुस्तकांचें कोष्टक निराळें, लेखकांचें निराळें, विषयांचें निराळें. प्रत्येक ओळीस स्वतःचा क्रमांक. अमुक पुस्तक अमुक लेखकाचें, हें दाखविण्यासाठीं दोन क्रमांकांचें एक जोडकोष्टक असतें, विषयांसाठीं दुसरें. ही रीत एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या निबंधावर उभी आहे. लेखकाचें नांव एकदांच लिहावें लागतें, व चुकल्यास एकाच ठिकाणीं दुरुस्त होतें. परंतु वाचकाचे शब्द मग निरनिराळ्या घरीं राहावयास जातात: 'टिळक' लेखकांकडे, 'स्मृति' पुस्तकांकडे. आमचा कार्यक्रम दोन्ही शब्द मिळून एकच अखंड शब्द समजला, आणि तसा तो कोठेंच नव्हता.

मुलांनीं शब्द सुटे करून त्यांच्यामध्यें 'ऑर' घातला. आतां 'स्मृतिचित्रें' सांपडलीं खरीं, पण सोबत लोकमान्यांचें 'गीतारहस्य'हि आलें; टिळक नांवाचें जें जें होतें तें सर्व आलें. योग्य नियम असा कीं, प्रत्येक शब्द कोठें ना कोठें सांपडलाच पाहिजे. म्हणजे एका शब्दापुरता शीर्षक, लेखक व विषय यांमध्यें 'ऑर'. आणि शब्दाशब्दांमध्यें 'अँड'.

एवढ्यानें भागेल असें आम्हांस वाटलें, पण खरी गांठ पुढेंच होती. 'स्मृतिचित्रें' या पुस्तकास आमच्या यादींत 'आत्मचरित्र' व 'नाशिक' असे दोन विषय आहेत. कोष्टकें 'जॉइन'नें जोडलीं कीं त्याच्या दोन ओळी होतात. एकींत आत्मचरित्र, दुसरींत नाशिक. 'आत्मचरित्र नाशिक' असा शोध केला तर यंत्र एकेका ओळीस विचारतें, तुझ्यांत दोन्ही शब्द आहेत काय? दोघीहि खरेंच सांगतात, नाहींत. पुन्हा "पुस्तक नाहीं"! ज्या पुस्तकाचा लेखक अज्ञात, तें साध्या जोडणींत मुळींच गळतें; आणि दोन लेखक व तीन विषय असलेलें पुस्तक सहा वेळां येतें.

उपाय 'एक्झिस्ट्स' या शब्दांत आहे. ओळींस विचारूं नये, पुस्तकास विचारावें. आणि प्रत्येक शब्दासाठीं स्वतंत्र विचारावें: तुझ्या शीर्षकांत हा शब्द आहे काय, किंवा तो असलेली एखादी लेखकाची अथवा विषयाची ओळ तुला जोडलेली आहे काय? सर्व शब्दांना 'होय' आलें कीं तें पुस्तक द्यावें, एकदांच.

जावामध्यें वाचकाचे शब्द मोकळ्या जागेवर तोडून प्रत्येकासाठीं हा प्रश्न पुढें पुढें जोडीत जावयाचें. शब्द मात्र आज्ञेच्या वाक्यांत थेट चिकटवूं नये. त्यांत अवतरणचिन्ह आलें तर वाक्य मोडतें, आणि खोडसाळ मनुष्य त्याच फटींतून स्वतःची आज्ञा घुसवितो. म्हणून 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' वापरावें: वाक्यांत प्रश्नचिन्हें ठेवावीं व शब्द मागाहून, दोन्ही बाजूंस टक्क्याचें चिन्ह लावून, त्यांच्या जागीं द्यावे. एका शब्दास तीन, दोन शब्दांस सहा. हीं प्रश्नचिन्हें एकापासून मोजतात, आणि जावाच्या रांगा शून्यापासून. या एका गोष्टींत आमची अर्धी दुपार गेली. वाचकानें कांहींच न लिहितां कळ दाबली तर अट एकहि उरत नाहीं व सगळें ग्रंथालय अंगावर येतें. तें आधींच अडवावें.

एक अडचण आपल्या भाषेची आहे. 'फुले शेतकरी' असें लिहिल्यास जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा १८८३ सालचा ग्रंथ येत नाहीं. कारण विभक्ति लागतांच 'शेतकरी' हा शब्द त्या रूपांत उरत नाहीं, आणि यंत्र केवळ अक्षरें ताडून पाहतें. शिवाय 'ऱ्य' हें जोडाक्षर दोन रीतींनीं टंकितां येतें. डोळ्यांस एक, यंत्रास दोन. अक्षरांचा हा भेद कार्यक्रमानें मिटविला: नोंद करतांना व शोधतांना दोन्ही रीती एकीवर आणावयाच्या. विभक्तीसाठीं मात्र शीर्षकांतील शब्दांचें मूळ रूप विषयांच्या कोष्टकांत हातानेंच लिहावें लागतें. सध्यां नववीचीं मुलें एकेक पुस्तक हातीं घेऊन तें काम करीत आहेत, आणि तिसऱ्या कपाटापर्यंत पोहोंचलीं आहेत.