कादंबरी लिहून झाली; आता खर्च किती?

जळगाव-धुळ्याकडे एजंट म्हटलं की तो केळीचा, कापसाचा, नाहीतर आरटीओबाहेरचा. कादंबरीचा एजंट शोधायला निघायच्या आधी हा हिशेब मांडा. किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, रॉयल्टी १० टक्के धरली, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती १५,००० रुपये. इंग्रजीत एजंट साधारण १५ टक्के कापून घेतो. इथे त्याच्या वाट्याला २,२५० येतील, तेही आवृत्ती संपेल तेव्हा. एवढ्यासाठी पुण्यात खेटे कोण घालणार? जयपूरची सियाही, दिल्लीची रायटर्स साइड या एजन्सींचा व्यवहार मुख्यतः इंग्रजी प्रकाशकांशी. त्यांचं नाव अनुवाद हातात आल्यावर काढा. आणि नुसतं वाचायचे पैसे मागेल, त्याला एजंट समजू नका. एजंट पुस्तक विकून कमिशन घेतो.

मराठीत हे काम घरचं माणूस करतं. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांची वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. मुलगा कवी आणि ओळख थेट अत्र्यांशी, असा योग सगळ्यांच्या घरात नसतो. आपण टपालाकडे वळू.

हस्तलिखित पाठवण्याआधीचा सगळ्यात मोठा खर्च टायपिंगचा. ३०० पानं, पानाला ३० रुपये धरले तर ९,०००. भाव करताना ‘फाइल युनिकोडमध्येच हवी’ हे आधी कबूल करून घ्या. लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले सवयीने जुन्या फॉन्टात टाइप करतात, आणि प्रकाशकाकडे ती फाइल उघडली की नुसतं गिचमिड दिसतं. मी या चुकीचे पैसे दोनदा भरलेत. रात्री जेवणं झाल्यावर फोनला बोलून मजकूर सांगता येतो, तो फुकट. पण अहिराणी संवाद आला की फोन बावचळतो. त्या संवादांचं प्रूफ तपासायला पुण्यात माणूस शोधू नका, मावशीला वाचायला बसवा.

छापील प्रत पानाला २ रुपयांनी ६००, वर स्पायरल. मात्र आधी फोन किंवा ईमेल करा. पुष्कळ प्रकाशकांना सुरुवातीला सारांश आणि दोन-तीन प्रकरणंच पुरतात. फोन कुणाला करायचा? जळगावात वल्लभदास वालजी वाचनालयात जा, तुमच्या जातकुळीच्या नव्या कादंबऱ्या काढा आणि आतल्या पानावरचे प्रकाशक उतरवून घ्या. स्वतः पुण्याला जायची घाई नको. जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, धुळेकरांना एसटी, बायकांना तिकीट अर्धं. पण खर्ची पडलेली रजा कुणी अर्धी करून देत नाही. होकार आल्यावर जा.

आयएसबीएनला पैसे लागत नाहीत. राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सी तो विनाशुल्क देते. बिलात त्याची वेगळी रक्कम दिसली तर ‘कशाची?’ असं विचारा. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, नोंदणी ऐच्छिक, शुल्क ५०० रुपये.

खरी कात्री पुढे आहे. प्रकाशक म्हणतो, ‘छापतो, पण २०० प्रती तुम्ही उचला.’ ४० टक्के सवलत धरूनही हे ३६,००० रुपये होतात, आणि गठ्ठे घरात, धान्याच्या कोठीशेजारी. हौस असेल तर जरूर करा, पण मग गावातल्या छापखान्याचाही दर काढा. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

करार लेखीच हवा. रॉयल्टी छापलेल्या प्रतींवर की विकलेल्या, हे त्यात लिहून घ्या. हक्क किती वर्षांसाठी दिले ते नमूद नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षं धरतात. ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क एका ओळीत गुंडाळून देऊ नका.

उरली वाट बघणं. माझं हस्तलिखित एकीकडे चौदा महिने ‘वाचनात’ होतं. तेवढ्यात कापूस वेचून झाला, पुतणीचं लग्न लागलं, आणि ते कोणत्या तारखेला पाठवलं हेच मला सांगता येईना. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा. पावतीचा कागद थर्मल असतो, आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात त्यावरची अक्षरं उडतात. त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा.