किनाऱ्यावरच्या गळासाठी स्पिनिंग रील

वाळूत उभे राहून लाटांपलीकडे गळ फेकणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणती रील द्यावी, हे कोकणातील दुकानदार बांधवांनी समजून घ्यावे.

स्पिनिंग रीलची कल्पना मुळात कापडधंद्यातली. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे लोकर व्यावसायिक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. मालेगाव-भिवंडीचे विणकर बंधू ती लगेच ओळखतील. धोट्यातील कांडी न फिरता टोकावरून धागा सुटतो, तशी येथे तंगुसाची दोरी स्पूलच्या काठावरून सुटते. मल्टिप्लायर रीलमध्ये फिरता स्पूल दोरीपुढे धावतो आणि गुंता होतो. तो प्रकार येथे नाही. नवशिक्याला आम्ही हीच देऊ.

तोटाही याच रचनेत आहे. मासा दोरी ओढत असताना, ड्रॅग घसरत असताना, हँडल फिरवत राहिले की प्रत्येक फेऱ्याला दोरीत चार-पाच पीळ पडतात. मग गिऱ्हाईक दोरी खराब म्हणून भांडायला येते! दोष मालाचा नसतो, पण गिऱ्हाईक तुटते. म्हणून विकतानाच सांगावे : काठी उचलून मासा ओढा, काठी खाली नेताना दोरी गुंडाळा.

दोरी स्पूलच्या काठाखाली सुमारे दोन मिलिमीटर ठेवून भरावी. कमी भरली तर फेक तोकडी पडते, जास्त भरली तर वेटोळी एकदम सुटतात.

वाळू व खारे पाणी रीलचे वैरी. गोड्या पाण्याने हलकेच धुवावी, जोराच्या धारेने वाळू आत शिरते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी आधी लाइन रोलर पाहावा. तो अडकला की दोरी घासून तुटते.