झोपलेल्या माणसाचा फोटो

अगं, तू पाठवलेला फोटो बघितला. तीन पाटीच्या फाट्यावर टपरीच्या आडोशाला झोपलेले बाबा, उशाला गाठोडं, एकाच पायात चप्पल आणि मागून येवल्याकडे निघालेल्या एसटीचा उजेड. उजेड फार छान पकडलास, त्यात वाद नाही. पण तो फोटो स्पर्धेला धाडायच्या आधी माझं थोडं ऐक. रागावू नकोस, आपल्या दोघींतलंच बोलणं आहे.

तू म्हणशील, रस्ता सगळ्यांचा, मग परवानगी कसली? रस्त्यावर फोटो काढायला कायदा सहसा आडवा येत नाही, हे मान्य. पण आपण दाराला कडी लावून झोपतो. घोरतो, तोंड उघडं पडतं, कपडे अस्ताव्यस्त होतात, बघायला कोणी नसतं. त्या बाबांना कडीच नाही. आपल्याला जो रस्ता दिसतो, ती त्यांची झोपायची जागा. आणि झोपेतला माणूस नको तरी कसा म्हणणार? झोपलेल्याचा, नशेत पडलेल्याचा, भान हरपलेल्याचा चेहरा ओळखू येईल असा फोटो काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विचारलं की माणूस आखडतो, फोटोतला जीव जातो, ही तुमची कॅमेरावाल्यांची नेहमीची तक्रार. फोटोग्राफर मेरी एलन मार्क मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत गेली, तेव्हा सुरुवातीला तिथल्या बायकांनी तिला शिव्या घातल्या, अंगावर कचरा फेकला. ती पुन्हा पुन्हा जात राहिली, तेव्हा कुठे ओळखी झाल्या. 1981 साली तिचं पुस्तक आलं. त्यातली बाई आखडलेली वाटते का, तूच बघ.

आता द्राक्षबागांकडे वळशील, मला माहीत आहे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं आपल्या निफाड तालुक्यात उतरतात. बागेच्या कडेला ताडपत्री ताणून राहतात, विरळणी करतात, घड औषधात बुडवतात. त्यांच्या फोटोखाली ‘बेघर’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. त्यांचं घर आहे, गावाकडे आहे. इथे ती कामाला आलीत.

फोटोखालच्या चुकीच्या ओळीने काय होतं ते ऐक. 1936 साली कॅलिफोर्नियात, निपोमोजवळच्या वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर फोटोग्राफर डोरोथिया लँगने एका आईचे फोटो काढले. सरकारी कामावर होती ती. बाईचं वय टिपून घेतलं, 32; नाव विचारलं नाही. जेवणापायी या लोकांनी गाडीचे टायर विकले, असं तिने लिहिलं. घरच्यांनी पुढे सांगितलं, असं काही घडलंच नव्हतं. फोटो छापून आल्यावर तळावर धान्य पोचलं, पण तोवर ती बाई लेकरं घेऊन पुढे निघून गेली होती. चेहरा जगभर गेला, नाव मात्र 1978 मध्ये उजेडात आलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. या फोटोचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, हा तिचा सल होता. फोटोने भलं झालं, हे खरंच. पण जिचा चेहरा वापरला, तिच्या हाताला काय लागलं?

आणखी एक. कोणाच्याही फोटोखाली ‘भिकारी’ लिहू नकोस. आपल्याकडे 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. भीक मागताना सापडलेल्या माणसाला धरून भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. तुझ्या एका शब्दाने नसतं झेंगट त्याच्या मागे लागायचं.

म्हणून बाबा जागे झाले की त्यांच्या शेजारी बस, “बाबा, एक फोटो काढू का?” म्हण. काढलास तर दाखव, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसून टाक. लासलगावातून प्रिंट काढून नेऊन दे. दहाची नोट पुढे करून फोटो मात्र मागू नकोस. भुकेला माणूस नोटेला नाही म्हणत नाही. द्यायचंच असेल तर कॅमेरा पिशवीत घालून दे.

सिंहस्थाला रामकुंडावर जायचं तू केव्हाचं ठरवलंयस. जानेवारी 2025 मध्ये प्रयागराजच्या कुंभात माळा विकणाऱ्या एका पोरीच्या डोळ्यांचे व्हिडिओ पसरले आणि तिच्याभोवती मोबाइलवाल्यांचा असा गराडा पडला की धंदा सोडून तिला घरी परतावं लागलं. सगळे कौतुकच करत होते, बरं का! गोदाकाठी तसा गराडा कोणाभोवती पडलेला दिसला तर त्यात तू शिरू नकोस.

आणि मुलांच्या बाबतीत मी ऐकणारच नाही. रस्त्यावर राहणारं, घर नसलेलं मूल हे 2015 च्या बाल न्याय कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. त्याची चौकशी चालू असताना ओळख पटेल असा फोटो छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं. गर्दीत एकटं रडणारं लेकरू दिसलं तर कॅमेरा खाली ठेव आणि 1098 ला फोन लाव. पैसे पडत नाहीत.