शरीर रोगी, मन निरोगी



उंब्रजच्या आसपास, कृष्णा-तारळीकाठच्या कोणत्याही वस्तीत ‘अंगावरून वारं गेलं’ एवढे म्हटले की पुढे विचारावे लागत नाही. तोंड वाकडे होते, एका बाजूचा हातपाय लुळा पडतो, बोबडी वळते. कोणी ‘बाहेरचं’ म्हणतो, कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, आणि शहाणासुरता गृहस्थ हळूच म्हणतो, मागच्या जन्मीचे भोग! देव आपण घराबाहेर काढले, पण हे वाक्य अजून उंबऱ्याच्या आतच आहे.

हा वारा नव्हे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते. मेंदूची डावी बाजू उजवे अंग चालवते, बहुतेकांची वाचाही तिथेच असते. म्हणून उजवे अंग गेलेल्याचे बोलणेही पुष्कळदा जाते. याच्या मुळाशी रक्तदाब, मधुमेह, तंबाखू असतात. (आपल्या आयाबायांची मिश्री तंबाखूचीच!) गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा भगत नको, १०८ ला फोन करा.

सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले होते, सगळे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय? तथागतांनी ते नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, इजा अशी आठ कारणे त्यांनी सांगितली. कर्मविपाक त्यांत एकच. बाबासाहेबांनी तर मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धान्तच धम्मात बसत नाही असे मांडले. तेव्हा आजारी माणसाच्या माथी आजाराचा दोष मारू नका.

नकुलपिता हा म्हातारा, सतत आजारी गृहस्थ. शरीर रोगी असले तरी मन रोगी होऊ देऊ नको, असे तथागतांनी त्याला सांगितले. पण ज्या हाताने आयुष्यभर ऊस तोडला तो हात आज पेला धरत नाही, हे मानायचे कसे? याला स्वीकार म्हणतात, आणि स्वीकार म्हणजे अंथरूण धरून पडणे नव्हे. आज हात धरत नाही हे ज्याने मानले, तोच उद्या शंभर वेळा पेला धरण्याचा सराव करील. लोक काय म्हणतील म्हणून काठी नाकारणारा मात्र पडतो. अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झालेले बाबासाहेब काठीच्या आधाराने चालत. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्याच शरीराने त्यांनी नागपूरला दीक्षा दिली. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे सावकाश. पण सहा महिने झाले म्हणून व्यायाम सोडू नका.

घरच्यांनो, एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. आपल्याकडे कमावता माणूस पडला की हीच पाळी येते, आणि सारी शुश्रूषा बायको-सुनेवर पडते. मुलांनी, जावयांनीही हात लावावा.

त्याला उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा निखळतो. वाचा गेलेल्याला पुष्कळदा आपले बोलणे समजत असते. त्याच्यासमोर ‘आता काय उरलंय’ म्हणू नका, शब्द सापडेपर्यंत थांबा. तो एकाएकी रडू लागला तर तेही मेंदूच्या इजेमुळे असू शकते. अनेक दिवस उदास राहिला, जेवेना, तर डॉक्टरांना सांगा. तिघांतल्या साधारण एकाला असे होते आणि त्यावर औषध आहे. अपंगत्वाचा दाखला काढायला लाजू नका. २०१६ च्या कायद्यात अशा आजाराने गेलेली वाचाही धरली आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर सवलती मिळतात.