भट्टीत सांधलेली काच

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात राहणाऱ्या वाचकांना वीटभट्टीची ओळख करून द्यायला नको. भातकापणी उरकली की विटा पाडण्याचे काम सुरू होते आणि पुढे उन्हाळाभर भट्ट्या धुमसत असतात. एखादी भट्टी मोडत असतील तेव्हा जाळाच्या अगदी जवळच्या विटा पाहा. त्यांतल्या काही वेड्यावाकड्या, काळपट-हिरव्या आणि एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आढळतील. त्यांना खंगर म्हणतात. बांधकामाच्या दृष्टीने ती वाया गेलेली वीट. पण तिचा तुकडा उन्हात धरून पाहा. वर जो गुळगुळीत, चकाकणारा थर दिसतो तो म्हणजे चक्क काच आहे!

ही काच तेथे आली कोठून? मातीत सिलिका असते. आपल्या भाताच्या तुसाच्या राखेतही ती भरपूर असते. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७००° से. तापमान लागते आणि वीटभट्टी तितकी कधीच तापत नाही. परंतु राखेतील पोटॅश, मातीतील चुना व लोह यांची तिच्याशी गाठ पडली की ती पुष्कळ कमी तापमानाला वितळू लागते. काचेच्या कारखान्यात हेच मुद्दाम घडवून आणतात. वाळूत सोडा घालतात म्हणजे ती लवकर वितळते, आणि तयार काच पाण्यात विरघळू नये म्हणून चुना घालतात. खिडकीचे तावदान, सरबताची बाटली ही सारी सोडा-चुना काच.

काच बर्फासारखी एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. चिक्कीचा पाक आठवा. गरम असताना तो वाहतो, मग त्याची तार निघते, आणि निवल्यावर तो कटकन मोडतो. काचेचे तसेच, फक्त तापमाने निराळी. तावदानाची काच ५००° से. पर्यंत कडक असते, ७२०° च्या आसपास स्वतःच्या वजनाने वाकू लागते, ७५०° च्या पुढे तिचे दोन तुकडे एकमेकांना चिकटतात आणि ८००° ते ८३०° ला ते एकजीव होतात. आजीला विचारलेत तर ती सांगेल, की फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिमणीच्या ज्योतीवर वाकवून त्यांच्या साखळ्या करत असत. बारीक तुकड्याला तेवढी ज्योत पुरते. गळ्यातले पदक किंवा छोटी बशी करायची तर मात्र भट्टी हवी.

त्यासाठी चिनी मातीच्या कामाची लहान विजेची भट्टी चालते. तापमापक जोडलेली असावी, आणि शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय ती चालू करू नये. वीटभट्टीत किंवा चुलीत काच टाकून पाहण्याचा मोह टाळा. तेथे उष्णतेवर ताबा नसतो आणि तडकलेली काच डोळ्यात उडते.

भट्टीतल्या फरशीला केओलीन व ॲल्युमिना यांचा पातळ लेप द्यावा, नाहीतर काच फरशीलाच चिकटेल. लेप पूर्ण वाळू द्यावा. काच धुऊन, पुसून, बोटांचे ठसे न उमटवता मांडावी. ३ मिमी जाडीचे दोन थर घेतले तर आकार बहुधा टिकतो. एकच थर घेतला तर कडा आत ओढल्या जातात, आणि तीन घेतले तर काच बाहेर पसरते. अळवावरचे पाणी जसे गोळा होऊन बसते तशी वितळलेली काचही पृष्ठताणामुळे गोळा होऊ पाहते. तिचे वजन तिला पसरवू पाहते. या दोन ओढींचा समतोल सुमारे ६ मिमी जाडीला साधतो.

आता खरी अडचण. पारदर्शक तावदानावर बांगडीचे हिरवे तुकडे मांडून सांधावेत असे कोणालाही वाटेल. भट्टीतून काढल्यावर ते सुंदरही दिसेल. पण दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानेही, कोणी हात न लावता त्याला तडा जाईल. असे का?

एक किलोमीटर लांबीची तावदानाच्या काचेची पट्टी कल्पा. तापमान १° ने वाढले की ती सुमारे ९ मिमी लांबते. प्रयोगशाळेतले चंचुपात्र ज्या बोरोसिलिकेट काचेचे असते, तिची तेवढीच पट्टी फक्त ३.३ मिमी लांबते. या दोन काचांच्या १० सेंमी लांब पट्ट्या एकमेकींवर सांधल्या असे समजा. ५२०° च्या खाली काच कडक होते. तेथपासून ३०° पर्यंत निवताना एक ०.४४ मिमी आखडू पाहील, दुसरी ०.१६ मिमी. फरक पाव मिलिमीटरहून थोडा अधिक. एवढासा फरक! पण काच रबरासारखी ताणली जात नाही, ती फुटते. बांगडीची काच लवकर मऊ व्हावी म्हणून तीत सोडा जास्त ठेवतात, आणि सोडा वाढला की प्रसरणही वाढते. निवताना हिरवा तुकडा तावदानापेक्षा जास्त आखडतो आणि ओढाताण सुरू होते. म्हणून सगळे तुकडे एकाच बाटलीचे किंवा एकाच तावदानाचे घ्यावेत. दोन कारखान्यांच्या बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची जात एकच असेल असे नाही.

मग रंगीत काम होणारच नाही का? होते. मूळ काच एकच ठेवून तीत रंगापुरते तांबे किंवा कोबाल्ट घातले तर प्रसरणात फारसा फरक पडत नाही. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यात बहामनी काळातल्या बहुरंगी काचेच्या बांगड्या मिळाल्या. त्यांतले सांधे शतकानुशतके टिकले. त्या कारागिरांजवळ तापमापक नव्हता, पण कोणती काच कोणत्या काचेशी नांदते हे त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे.

एका जातीची काच घेतली तरी निवण्याची घाई नडतेच. काच उष्णतेची मंद वाहक असल्याने बाहेरचा भाग आधी निवून कडक होतो आणि आतला मागाहून आखडतो. म्हणून तापवताना ५५०° पर्यंत तासाला १५०° हून अधिक वेग नको. पुढे ८००° च्या वर थोडा वेगाने जा, दहा मिनिटे थांबा, मग लवकर ५५०° ला उतरा. मधल्या टप्प्यात रेंगाळलात तर काचेवर स्फटिकांची पांढुरकी साय धरते. ५५०° ला तासभर काच मुरू द्यावी. याला अनुशीतन म्हणतात. पुढे अगदी सावकाश, रात्रभर. हात लावण्याजोगी होईपर्यंत झाकण उघडू नये. निवताना वीज गेली तर भट्टी बंदच राहू द्या. तिच्या जाड भिंती बरेचसे काम सांभाळतात.

सांधा खरोखर बसला की नाही हे पाहण्याची एक युक्ती आहे. शाळेतल्या संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा. बिघडलेल्या गणकयंत्राच्या काचेवरची ध्रुवणकारी फिल्म काढून ती डोळ्यासमोर धरा आणि पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. आता पडदा आणि फिल्म यांच्यामध्ये आपले पदक धरा. ते सगळे काळोखातच राहिले तर ताण नाही. रंगीत तुकड्याभोवती उजेडाचे कडे उमटले तर तेथे ओढाताण चालू आहे. असे पदक गळ्यात घालू नका. डब्यात बंद करून ठेवा आणि तडा केव्हा जातो त्याची तारीख वहीत टिपा.