नवी पिकअप, पिवळा दिवा आणि झिरो एरर

मित्रांनो, कुठल्याही बाजार समितीबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा. पिकअपवाल्यांच्या घोळक्यातून एक वाक्य हमखास ऐकू येईल, "जुनी गाडी बरी होती राव, नवीन गाड्यांत काही दम नाही." पूर्वी मला हे म्हाताऱ्या माणसांच्या 'आमच्या वेळी' छापाचं वाटायचं. पण मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आल्यावर आणि माझ्या मामांच्या पिकअपचं दुखणं जवळून पाहिल्यावर या तक्रारीत नेमकं किती तथ्य आहे, ते शोधावंसं वाटलं. त्याचाच हा लेख.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'कार्बन धरणे', 'गाडी दम तोडते', 'रिंगा बसल्या' ही मराठी मला शाळेत नाही, गॅरेजात मिळाली. आणि पिकअप पिकअप घेत नाही, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. मामा हसत नव्हते. गाडीत टोमॅटोचे भरलेले क्रेट होते आणि गाडीचा हप्ता पाच तारखेला होता.

२०२० साली काय बदललं?

१ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या गाड्यांना बीएस-सिक्स नियम लागू झाले. बीएस-फोरवरून बीएस-फाइव्ह ही पायरी गाळून आपण थेट सिक्सवर उडी मारली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. जड वजनगटातल्या छोट्या मालवाहू गाड्यांना पूर्वी दर किलोमीटरला ६० मिलिग्रॅम काजळी सोडायची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. म्हणजे तेरावा हिस्सासुद्धा उरला नाही!

ही उडी नुसतं इंजिन सुधारून मारता येत नाही. म्हणून सायलेन्सरच्या लायनीत एक नवा पाहुणा आला, डीपीएफ, अर्थात डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. सिरॅमिकचा एक ठोकळा, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या. एका नळीचं पुढचं तोंड उघडं आणि मागचं बंद, शेजारच्या नळीचं बरोबर उलटं. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून आरपार जावंच लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते.

आता घरातली चहाची गाळणी कशी, रोज झटकावी लागते. तशी ही गाळणीही झटकावी लागते. फरक इतकाच, की ती झटकायची नाही, आतली काजळी जाळायची. यालाच रिजनरेशन म्हणतात.

गाळणी साफ कशी होते?

दोन प्रकारे. गाडी लोड घेऊन सलग पळत असेल तर धूर पुरेसा गरम असतो, साधारण २५० ते ४०० अंश. अशा वेळी धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

गाडी तशी पळतच नसेल, तर काजळी साचत जाते. मग ईसीयू, म्हणजे गाडीचा मेंदू, ठरवतो की आता मुद्दाम जाळायला हवं. तो इंजिनात थोडं डिझेल उशिरा सोडतो, ते पुढच्या कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टरमधलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेलं जातं. या कामाला साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते. मध्येच चावी फिरवून इंजिन बंद केलं, की काम अर्धवट! असं चार-पाच वेळा झालं की पिवळा दिवा लागतो. त्याकडेही दुर्लक्ष झालं तर ईसीयू इंजिनाची ताकद कापतो. यालाच लिम्प मोड म्हणतात, मराठीत लंगडी चाल. चढावर भरलेली गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जाऊ लागते.

अर्धवट रिजनरेशनचा आणखी एक छुपा तोटा आहे. उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. आपल्याला सवय असते ऑइल कमी झालं का बघायची. इथे डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर घाबरायचं!

दोन गाड्या, एकच मॉडेल

मामा जुन्नर तालुक्यातले. २०२१ मध्ये त्यांनी कर्ज काढून पिकअप घेतली. त्यांचं काम काय? शेतातून नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला जायचं, सात-आठ किलोमीटर. तिथे रांगेत तासभर, इंजिन चालूच, पुढे सरकायचं दहा फूट. माल उतरला की परत. दिवसातून अशा तीन-चार फेऱ्या. दुसऱ्याच सीझनला पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेलं, त्यांनी मशीन लावून फोर्स्ड रिजनरेशन केलं, बिल हातात दिलं. हे वॉरंटीत का नाही, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "गाडी तुम्ही चुकीची चालवता."

मामांना हे फार लागलं. वीस वर्षं स्टीअरिंगवर काढलेल्या माणसाला असं म्हणायचं!

गंमत अशी, की शेजारच्या वाडीतल्या एकांकडे त्याच मॉडेलची, त्याच वर्षीची गाडी आहे. ती रोज रात्री भाजी घेऊन वाशी मार्केटला जाते. मामांच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर झालेत, पण त्यांना हा दिवा कधी दिसलाच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हा आयता कंट्रोल्ड एक्सपेरिमेंट आहे. मशीन तेच, डिझेल तेच, बदलला तो फक्त ड्युटी सायकल. लांब पळणारी गाडी जास्त चालूनही निरोगी आणि जवळच्या जवळ फिरणारी आजारी.

म्हणजे गाडीत दम नाही हेही खरं नाही आणि मामा चुकीचं चालवतात हेही खरं नाही. मामा गाडी त्यांच्या कामासाठी चालवतात. डिझाइन करणाऱ्याने मनात धरलेलं काम आणि मामांचं काम वेगळं निघालं, इतकंच. पण त्या 'इतकंच'चं बिल मामांनी भरलं.

तोच दिवा, दुसरा आजार

खरी परीक्षा वॉरंटी संपल्यावर आली. मागच्या सीझनला दिवा पुन्हा लागला. फोर्स्ड रिजनरेशन झालं. आठच दिवसांत दिवा परत! पुन्हा केलं, पुन्हा परत. मग सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं, डीपीएफच बदला. आकडा जवळजवळ सहा हप्त्यांएवढा होता. मामा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

मी तेव्हा सुट्टीत तिकडेच होते. गावातले गॅरेजवाले काका जुन्या पद्धतीचे, पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या पैशाने स्कॅनर घेतलेला. गाडीच्या ओबीडी सॉकेटला तो लावला. कोड आला पी २४६३, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी जास्त साचली. सर्व्हिस सेंटरच्या कागदावरही हाच कोड होता. काका म्हणाले, "ताई, कोड म्हणजे रोग नाही. कोड म्हणजे पेशंट काय म्हणतोय ते."

मित्रांनो, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. ईसीयूला फिल्टरच्या आतलं दिसत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. त्या एका सेन्सरला जातात आणि सेन्सर दोन्हीकडच्या दाबातला फरक मोजतो. गाळणी तुंबली की फरक वाढतो. ईसीयू बराचसा या आकड्यावर विसंबून निष्कर्ष काढतो.

काकांनी इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करायला सांगितली. इंजिन बंद म्हणजे धुराचा प्रवाह नाही. प्रवाह नाही म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा. फरक किती यायला हवा? शून्य! स्क्रीनवर आकडा होता दोन किलोपास्कलच्या आसपास.

फर्स्ट इयरला फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर हातात दिल्यावर सर पहिला प्रश्न काय विचारतात? "झिरो एरर किती?" आपण वैतागून काहीतरी लिहून टाकतो. त्या दिवशी कळलं की झिरो एररची किंमत एक अख्खा डीपीएफ असू शकते. सेन्सर उभ्या गाडीतही दाब दाखवत होता, त्यामुळे साफ झालेला फिल्टरही ईसीयूला तुंबलेलाच वाटत होता. शिवाय आठ दिवसांत इतकी काजळी साचणं तसंही संशयास्पद होतं.

काकांनी सेन्सर बदलला, नळ्यांतलं पाणी आणि काजळी काढून त्या साफ केल्या, नवा सेन्सर बसवल्याची नोंद स्कॅनरने ईसीयूत केली. खर्च काही हजारांत आटोपला. डीपीएफ जुनाच आहे आणि गाडी चालू आहे.

'काढूनच टाकू' हा उपाय

मधल्या काळात एका मेकॅनिकने मामांना दुसराच सल्ला दिला होता. फिल्टर आतून फोडून रिकामा करू, सॉफ्टवेअर बदलू, दिवा कायमचा बंद! स्वस्तही पडतं म्हणे. हप्ते थकलेल्या माणसाला हा मोह होणारच, त्यात त्याला वाईट म्हणायचं कारण नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिझेलची काजळी इतकी बारीक असते की ती थेट फुप्फुसात खोलवर जाते. मार्केटच्या रांगेत गाडीमागे उभं कोण असतं? क्रेट उचलणारे हमाल आणि दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. मामा म्हणाले, "अगं, त्या रांगेत मीच उभा असतो की." विषय संपला.

असाच आणखी एक जुगाड. काही नव्या गाड्यांत डीईएफ नावाचं द्रावण लागतं, ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. मग शेतकऱ्याच्या मनात येतं, युरियाची गोणी घरातच आहे! पण खताच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचं आवरण सक्तीचं आहे, त्यात बायुरेटचं प्रमाणही जास्त असतं. हे मिश्रण टाकीत गेलं की इंजेक्टर चोंदतो आणि कॅटॅलिस्ट खराब होतो. पिकाचं खत पिकालाच द्यावं.

मालकांनी काय करावं?

मामांना मिळालेलं मॅन्युअल इंग्रजीत होतं. ते त्यांना मराठीत समजावताना मी ही यादी केली. आपल्या मेसला भाजी आणणाऱ्या दादांनाही द्या.

१) आठवड्यातून एकदा तरी, शक्यतो भरलेली गाडी, मोठ्या रस्त्यावर अर्धा तास सलग पळवा. गिअर एक खालचा ठेवला तरी चालेल, इंजिनाला गरम होऊ द्या.

२) डीपीएफचा दिवा लागला की त्याच दिवशी ही फेरी मारा. पहिल्या दिव्याला फुकटात काम होतं, तिसऱ्या दिव्याला बिल येतं.

३) रिजनरेशन चालू असताना इंजिन बंद करू नका. आयडलिंगचा आवाज वाढणं, गरम वास, पंखा जोरात चालणं ही त्याची लक्षणं. या वेळी गाडी वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नका, आग लागू शकते.

४) रांगेत उभं असताना इंजिन बंद ठेवा. आयडलिंगला काजळी तयार होते, पण ती जळण्याएवढी उष्णता मिळत नाही.

५) ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, म्हणजे कमी राख सोडणारं वापरा. काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच राहते. पातळीही दर आठवड्याला बघा.

६) डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी काढा. कॉमन रेलच्या इंजेक्टरमध्ये हजारांहून जास्त बारचा दाब असतो, पाण्याचे थेंब त्याला मानवत नाहीत.

७) महागडा भाग बदलायला सांगितला तर आधी विचारा, "सेन्सरचं इंजिन बंद असतानाचं रीडिंग किती?" उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका.

आणि आपण?

आपल्यातले काहीजण उद्या गाड्या डिझाइन करतील, काहीजण सर्व्हिस सेंटरला बसतील. विश्वासार्हता म्हणजे पार्ट किती तास टिकतो एवढंच आपण रिलायबिलिटीच्या चॅप्टरमध्ये शिकतो. पण त्या व्याख्येत 'दिलेल्या परिस्थितीत' असे दोन शब्द असतात आणि परीक्षेत आपण ते घाईत गाळतो. नारायणगावची रांग हीसुद्धा परिस्थितीच आहे. 'रिजनरेशन चालू आहे, इंजिन बंद करू नका' एवढं एक वाक्य डॅशबोर्डवर मराठीत दाखवायला कितीसा खर्च येईल? गाडी विकताना "तुमची रोजची फेरी किती किलोमीटरची?" हा प्रश्न विचारायला तर काहीच खर्च नाही. जवळच्या जवळ फिरणाऱ्याला सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडी जास्त सोयीची पडेल, हेही त्याला तेव्हाच सांगता येईल.

तेव्हा मंडळी, पुढच्या प्रॅक्टिकलला सरांनी झिरो एरर विचारली की वैतागू नका. नीट बघून लिहा.