कोल्ड फ्युजन खरे की खोटे?

प्रश्न : सूर्यात होणारे अणूंचे संमीलन काचेच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला घडवल्याचे मागे जाहीर झाले होते. मग ती ऊर्जा गेली कुठे? संशोधन दडपले का?

उत्तर : शंका रास्त आहे. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनले पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषदेत तसा दावा केला. उपकरण साधे होते. जड पाण्यात पॅलेडियम आणि प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडायची. पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतो. तसेच जड पाण्यातले ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, त्यात दाटीने बसते, त्याची केंद्रके जुळतात आणि दिलेल्या विजेहून जास्त उष्णता मिळते, असे त्यांचे म्हणणे.

पण दाटी झाली म्हणजे केंद्रके जुळली, असे नव्हे. दोन्ही धनभारित असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. शिवाय पॅलेडियममध्ये ड्युटेरियमचे अणू ड्युटेरियम वायूच्या रेणूत असतात त्याहूनही एकमेकांपासून दूर असतात.

दुसरी अडचण न्यूट्रॉनची. ड्युटेरियमच्या साधारण निम्म्या संमीलनांत न्यूट्रॉन बाहेर पडतो. एक वॉट उष्णता अशी मिळाली, तर दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटतील. त्या माऱ्यात भांड्याजवळच्या माणसांच्या जिवावर बेतले असते. प्रत्यक्षात ती धडधाकट राहिली.

मग जादा उष्णता कुठून दिसली? असे प्रयोग दीर्घकाळ चालतात. विजेने वेगळे झालेले ड्युटेरियम आणि ऑक्सिजन भांड्यातच पुन्हा जुळले, तरी उष्णता निघते. द्रव नीट ढवळला नाही, तर तापमापक चकवतो. मोजणीतली छोटी चूकही मग दीर्घकाळ साचत जाऊन जादा ऊर्जेसारखी भासते.

दडपल्याचे म्हणाल, तर उलट जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन व ट्रिटियम या संमीलनाच्या खुणा आढळल्याचे नोंदवले. मात्र कोणालाही हमखास जमेल अशी कृती हाती आली नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९८९ आणि २००४ मध्ये तपासणी करवली, तरी खात्रीचा पुरावा पुढे आला नाही. गूगलच्या पैशावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये तेच नोंदवले.

काही गट आजही प्रयत्न करतात, आणि ते योग्यच आहे. मात्र जादा उष्णता आणि तिच्या प्रमाणात संमीलनाची राख, म्हणजे हेलियम, ट्रिटियम किंवा न्यूट्रॉन, हे दोन्ही एकाच प्रयोगात आणि कोणाच्याही प्रयोगशाळेत दिसले पाहिजे. तोवर कोल्ड फ्युजन सिद्ध झाले, असे म्हणता येणार नाही.